‘श्रीपत’ आणि ‘श्रीपाद’ : डांगे-पत्रप्रकरणातील एका भाषिक पुराव्याची चिकित्सा

१

दस्तऐवजाचा खरेखोटेपणा ठरविताना भाषेचा पुरावा कितपत ग्राह्य मानावा, हा प्रश्न प्राचीन ताम्रपट आणि शिलालेख यांच्यापुरताच मर्यादित नाही. विसाव्या शतकातील राजकीय खटल्यांत व पक्षीय वादांत पत्रे, सह्या, सांकेतिक शब्द, टंकलिखित कागद आणि भाषणांची भाषांतरे यांवर माणसांची अब्रू, त्यांचे स्वातंत्र्य आणि प्रसंगी त्यांचे प्राणही अवलंबून राहिले. दोन महासत्तांच्या शीतयुद्धात तर हेराचा संशय हा सार्वजनिक जीवनाचा नित्याचा भाग बनला, आणि त्या संशयाला आधार म्हणून कागदाकडे बोट दाखविण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. अशा वातावरणात कागद वाचला जातो तो बहुधा आधीच झालेल्या निर्णयाच्या उजेडात.

महाराष्ट्राच्या संदर्भात याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे १९६४ सालचे डांगे-पत्रप्रकरण होय. या प्रकरणाची राजकीय बाजू पुष्कळांनी मांडली आहे. तिची पुनरुक्ती येथे अभिप्रेत नाही. त्या वादात पुढे आलेला एक मुद्दा मात्र सर्वस्वी भाषाशास्त्राच्या कक्षेतील आहे. वादग्रस्त पत्रावरील सहीत नाव ‘श्रीपत’ असे आहे, ‘श्रीपाद’ असे नाही. सबब पत्र बनावट आहे, असे पत्राच्या खरेपणाविषयी शंका घेणाऱ्यांचे म्हणणे होते. हा युक्तिवाद कितपत टिकतो, त्याच्या खंडनाने तरी काय सिद्ध होते, आणि एका अक्षरावर एवढा भार टाकण्याची पाळी दोन्ही पक्षांवर का आली, हे तपासणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

प्रकरणाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. श्रीपाद अमृत डांगे (१८९९–१९९१) यांनी १९२१ साली गांधी आणि लेनिन यांची तुलना करणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले आणि १९२२ च्या ऑगस्टपासून मुंबईत ‘सोशॅलिस्ट’ हे इंग्रजी साप्ताहिक चालविले. १९२४ साली कानपूरच्या बोल्शेविक कटाच्या खटल्यात ते आरोपी होते. बादशहाचे हिंदुस्थानवरील सार्वभौमत्व हिरावून घेण्याचा कट, असे भारतीय दंडविधानाच्या १२१-अ कलमाखालील आरोपाचे स्वरूप होते. सत्र न्यायाधीश एच. ई. होम यांनी २० मे १९२४ रोजी नलिनी गुप्ता, शौकत उस्मानी, मुझफ्फर अहमद आणि डांगे या चौघांस प्रत्येकी चार वर्षांची सक्तमजुरी दिली. डांगे १९२७ साली सुटले, १९२८ च्या मुंबईतील गिरणीसंपाचे पुढारी झाले आणि २० मार्च १९२९ रोजी मीरत कटाच्या खटल्यासाठी पुन्हा पकडले गेले.

वादग्रस्त पत्रे १९२४ सालची, म्हणजे कानपूरच्या शिक्षेच्या काळातील म्हणून दाखविण्यात आली. त्यांचा आशय असा, की सुटका झाल्यास सरकारच्या उपयोगी पडण्याची कैद्याची तयारी आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील कागदपत्रांत ती सापडली, आणि मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या ‘करंट’ या इंग्रजी साप्ताहिकाने त्यांस प्रसिद्धी दिली. डी. एफ. कराका यांचे हे पत्र कम्युनिस्टविरोधी म्हणून ओळखले जात असे.

ही वेळ लक्षात घेण्याजोगी आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनशी युद्ध झाले होते. भारत संरक्षण कायद्याखाली कम्युनिस्ट पक्षाच्या डाव्या गटाचे अनेक पुढारी तुरुंगात गेले होते. पक्षाध्यक्ष डांगे यांनी नेहरू सरकारच्या बाजूने भूमिका घेतली होती आणि ते बाहेर होते. मॉस्को आणि पेकिंग यांच्यातील वैचारिक कलह याच सुमारास उघड्यावर आला होता. अशा वेळी चाळीस वर्षांपूर्वीचे एक पत्र बाहेर आले. पक्षाच्या सचिवमंडळाने ते बनावट असल्याचे जाहीर केले. विरोधी गटाने ते खरे धरून चौकशीची मागणी केली. ११ एप्रिल १९६४ रोजी राष्ट्रीय परिषदेचे ३२ सभासद सभात्याग करून बाहेर पडले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कलकत्त्याच्या अधिवेशनात मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष स्वतंत्रपणे उभा राहिला. फुटीची कारणे अर्थातच या पत्रांहून कितीतरी खोल होती. परंतु फूट ज्या क्षणी प्रत्यक्षात आली त्या क्षणी चर्चेच्या मध्यभागी ही पत्रे होती, हेही तितकेच खरे.

येथे एक विलक्षण उलथापालथ दिसून येते. एरवी कम्युनिस्टांवर येणारा आळ परकीय सत्तेच्या हस्तकाचा असे. या प्रकरणात कम्युनिस्टांनीच आपल्या अध्यक्षावर परकीय सत्तेचा हस्तक होऊ पाहिल्याचा आळ घेतला, फक्त ती सत्ता मॉस्को नसून लंडन होती. संशयाची भाषा एकदा रूढ झाली म्हणजे ती कोणाच्याही हाती सारख्याच सोयीने चालते.

३

आता नावाकडे वळू. ‘श्रीपाद’ आणि ‘श्रीपत’ ही मराठीत दोन भिन्न नावे आहेत. ‘श्रीपाद’ हा मुळात आदरार्थी समास असून त्यात ‘पाद’ म्हणजे पाय हा शब्द आहे. श्रीपाद श्रीवल्लभांपासून श्रीपाद कृष्ण कोल्हटकर व श्रीपाद महादेव माटे यांच्यापर्यंत हे नाव महाराष्ट्रात अखंड चालत आले आहे. ‘श्रीपत’ हे रूप ‘श्रीपति’ म्हणजे लक्ष्मीचा पती या शब्दापासून, अंत्य इकाराचा लोप होऊन, सिद्ध झाले आहे. ‘गणपति’पासून ‘गणपत’ आणि ‘भूपति’पासून ‘भूपत’ ही रूपे याच मार्गाने आली. शाहू महाराजांच्या दरबारातील श्रीपतराव प्रतिनिधी हे या नावाचे सुपरिचित उदाहरण होय.

ध्वनिदृष्ट्याही दोहोंत घोटाळा होण्याचे कारण नाही. मराठीत शब्दान्ती ‘त’ व ‘द’ यांचा भेद टिकून राहतो. ‘नात’ आणि ‘नाद’, ‘वात’ आणि ‘वाद’, ‘मत’ आणि ‘मद’ या जोड्या कोणीही मराठी भाषक एकमेकींच्या जागी वापरीत नाही. जर्मन भाषेत शब्दान्तीचा घोष व्यंजनवर्ण अघोष होतो, तसा नियम मराठीत नाही. शिवाय ‘श्रीपाद’ मध्ये उपान्त्य स्वर दीर्घ आहे, ‘श्रीपत’ मध्ये ऱ्हस्व आहे. म्हणजे देवनागरीत लिहिले असता ही नावे दोन ठिकाणी भिन्न होतात, एकदा स्वरात आणि एकदा व्यंजनात. मराठी मनुष्य स्वतःचे नाव अशा प्रकारे चुकेल हे संभवत नाही, असे वरवर पाहता वाटते, आणि बनावटपणाच्या युक्तिवादाचे बळ याच वाटण्यात आहे.

परंतु पत्र देवनागरीत नाही, ते इंग्रजीत आहे. रोमन लिपीत ‘अ’ आणि ‘आ’ यांना एकच अक्षर आहे. त्यामुळे देवनागरीतील दुहेरी भेद रोमन लिपीत एकेरी होतो, आणि सगळा भार शेवटच्या एका व्यंजनावर येऊन पडतो. त्यातही रोमन लिपीत दन्त्य व मूर्धन्य यांचा भेद नसल्यामुळे त्याच अक्षरांचे वाचन ‘श्रीपत’, ‘श्रीपात’, ‘श्रीपट’ असे कसेही होऊ शकते. मराठी नावांच्या रोमन लेखनाला १९२४ साली निश्चित व्यवस्था नव्हती, आणि आजही ती नाही. याच सहीतील दुसरा शब्द पाहावा. ‘अमृत’ मधील ऋकाराचा मराठी उच्चार ‘रु’ असा आहे, तरी डांगे यांच्या पित्याचे नाव रोमन लिपीत उत्तरेकडील उच्चाराला अनुसरून ‘अम्रित’ असेच लिहिण्याचा प्रघात आहे. त्यावर कोणी कधी आक्षेप घेतला नाही. तात्पर्य, रोमन लेखन हे मराठी उच्चाराचे प्रतिबिंब असतेच असे नाही, हे सर्वांनी मान्य केले होते. ते ‘ऋ’च्या बाबतीत मान्य करावयाचे आणि ‘द’च्या बाबतीत मात्र काटेकोर व्हावयाचे, ही निवड भाषिक नव्हे, सोयीची आहे.

४

यापुढचा मुद्दा निर्णायक आहे. कानपूर खटल्याच्या कागदपत्रांत आरोपीचे नाव ‘श्रीपत अमृत डांगे’ असेच आढळते. हे रूप तेथे कसे आले याचे उत्तर कठीण नाही. संयुक्त प्रांतातील कचेरीतल्या माणसाला ‘श्रीपति’, ‘श्रीपत’ ही नावे परिचयाची होती, आणि एकदा कागदावर चढलेले नाव कचेरीत एका कागदावरून दुसऱ्यावर उतरत जाते. महत्त्वाची गोष्ट ही, की ज्या काळातील आणि ज्या कैदेतील ते पत्र म्हणून सांगितले जाते, त्या काळी त्या कैद्याचे सरकारदरबारी नाव ‘श्रीपत’ हेच होते.

ही वस्तुस्थिती ध्यानी घेऊन तीन उपपत्ती समोर ठेवाव्यात. पहिली, पत्र खरे आहे. मग ज्या नावाने शिक्षा झाली आणि ज्या नावाने तुरुंगाच्या नोंदवहीत नोंद झाली, त्याच नावाने कैद्याने सरकारकडे अर्ज करावा हे स्वाभाविक ठरते. अर्जावरील नाव नोंदीशी जुळले नाही तर अर्जच अडून राहील. दुसरी उपपत्ती, पत्र त्याच काळी पोलिसांनी वा गुप्तचर खात्याने तयार केले. मग बनविणाऱ्यासमोर खात्याचेच कागद असणार आणि तो ‘श्रीपत’च लिहिणार. तिसरी, पत्र पुढे केव्हातरी कोणी रचून फायलीत घुसविले. मग जुनी फाईल हाताळण्याइतकी पोच असलेला मनुष्य त्याच फायलीतील नाव उचलणार, कारण फायलीशी जुळणे हेच त्याचे उद्दिष्ट असणार.

तिन्ही उपपत्तींत ‘श्रीपत’ हेच रूप अपेक्षित आहे. जे चिन्ह सर्व पर्यायांत सारखेच अपेक्षित असते ते कोणत्याही पर्यायाच्या बाजूने वा विरुद्ध काही सांगत नाही. पुराव्याचे मूल्य त्याच्या वैचित्र्यात नसते, तर एका उपपत्तीखाली ते संभवनीय आणि दुसरीखाली असंभवनीय असण्यात असते. येथे हा फरकच शून्य आहे. म्हणून ‘श्रीपत’वरून बनावटपणा सिद्ध होत नाही. त्याचबरोबर, कानपूरच्या कागदांत ‘श्रीपत’ आहे हे दाखवून पत्राचा खरेपणाही सिद्ध होत नाही. प्रतिपक्षाचे खंडन करून स्वपक्ष सिद्ध झाला असे मानण्याची चूक या वादात वारंवार झालेली आहे. आक्षेप निरस्त झाला म्हणजे पत्र मूळच्या जागी, म्हणजे संशयाच्या जागी, परत येते. त्याला सिद्धतेची जागा मिळत नाही.

नावाचा वा पदवीचा पुरावा नेहमीच असा निरुपयोगी असतो, असे मात्र नव्हे. योगायोगाने त्याच १९२४ सालच्या ऑक्टोबरमध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, इंग्लंडात ‘झिनोविएव्ह पत्र’ प्रसिद्ध झाले आणि त्याने एकच खळबळ उडवून दिली. ते पत्र बनावट होते असे आज इतिहासकार सामान्यतः मानतात. ते प्रसिद्ध होताच रशियाच्या बाजूने घेण्यात आलेल्या आक्षेपांत संस्थेच्या नावाचाही आक्षेप होता. ‘तिसरी इंटरनॅशनल’ आणि ‘कम्युनिस्ट इंटरनॅशनल’ ही एकाच संस्थेची दोन नावे पत्रात जोडून आली होती, आणि संस्था स्वतः तसे कधी लिहीत नसे. हा आक्षेप ‘श्रीपत’च्या आक्षेपाहून जातीनेच वेगळा आहे. संस्थेच्या आतील मनुष्य स्वतःच्या संस्थेचे नाव चुकणार नाही, बाहेरचा चुकण्याचा संभव अधिक. चिन्ह एकाच उपपत्तीकडे झुकते, म्हणून त्याला वजन आहे.

५

पाठनिर्णयाची ही शिस्त मराठी अभ्यासकाला परकी नाही. तिचा एक उत्तम धडा अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यातील शिलालेखाच्या वाचनाने घालून दिला आहे. वाकाटक राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव याने कोरविलेल्या या लेखात वाकाटकांची वंशावळ दिलेली आहे. लेख पुष्कळ ठिकाणी झिजलेला असल्यामुळे नावांचे वाचन कठीण होते. भाऊ दाजी, भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांच्यासारख्या जाणत्या विद्वानांनी एकोणिसाव्या शतकात त्यावर परिश्रम घेतले. त्यावेळी रूढ झालेल्या वाचनात पहिल्या प्रवरसेनाच्या पुढे ‘रुद्रसेन’ हे नाव आले, आणि विदर्भातील ताम्रपटांमुळे तेच नाव परिचयाचे असल्याने ते निःशंकपणे स्वीकारलेही गेले.

१९३९ साली वाशीम येथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला. त्यात प्रवरसेनाच्या पुत्राचे नाव ‘सर्वसेन’ असे स्पष्ट होते. त्यानंतर म. म. वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला, तेव्हा झिजलेल्या जागी ‘सर्वसेन’ हेच नाव असल्याचे दिसून आले, आणि त्या एका नावाच्या दुरुस्तीतून वाकाटकांची वत्सगुल्म येथील स्वतंत्र शाखा इतिहासात प्रस्थापित झाली.

या उदाहरणातून तीन गोष्टी निघतात. एक, पूर्वीच्या वाचनात अप्रामाणिकपणा नव्हता. जे नाव वाचकाच्या मनात आधीपासून होते तेच अस्पष्ट अक्षरांत त्याला दिसले. दुसरी, एकाच लेखाकडे कितीही वेळ डोळे लावून बसले तरी ही शंका फिटली नसती. निर्णय झाला तो स्वतंत्र उगमाच्या दुसऱ्या लेखामुळे. तिसरी, दुसरा लेख मिळाल्यावरही मूळ लेख पुन्हा तपासावा लागला. ताम्रपटातील नाव शिलालेखावर परस्पर लादण्यात आले नाही. दीड हजार वर्षांपूर्वीच्या राजाच्या नावासाठी अभ्यासकांनी जी दक्षता घेतली, ती चाळीस वर्षांपूर्वीच्या कैद्याच्या नावासाठी १९६४ साली घेतली गेली नाही. वाकाटकांच्या नावात कोणाचे काही अडकलेले नव्हते, डांग्यांच्या नावात सर्वांचेच अडकलेले होते, हे त्याचे कारण.

६

वाचनावर भयाचा परिणाम कसा होतो हे पाहण्यासाठी दोन खटल्यांचा उल्लेख पुरेसा आहे. पहिला मीरतचा. चार वर्षे चाललेल्या या खटल्याचा निकाल १६ जानेवारी १९३३ रोजी लागला. डांगे यांच्यासह घाटे, जोगळेकर आणि निंबकर या मुंबईच्या पुढाऱ्यांस बारा-बारा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. अलाहाबाद हायकोर्टाने अपिलात शिक्षा पुष्कळ कमी केल्या. पुराव्यात अडविलेली पत्रे होती, तशीच गिरणी कामगारांच्या सभांतील मराठी भाषणेही होती. पोलिसांच्या लघुलेखकांनी ती टिपली आणि न्यायालयापुढे ती इंग्रजी भाषांतरात आली. भाषणकर्त्याचा शब्द, लघुलेखकाचे टिपण आणि भाषांतरकाराचा पर्याय अशा तीन पायऱ्या मध्ये पडल्या.

या पायऱ्यांवर काय घडू शकते हे समजण्यास एकच शब्द घ्यावा. मराठीत ‘लढा’ हा शब्द पगारवाढीच्या मागणीलाही लागतो आणि हातघाईच्या युद्धालाही. परळच्या मैदानात बसलेल्या श्रोत्याला तो संदर्भाने कळतो. इंग्रजीत उतरविताना मात्र भाषांतरकाराला एक अर्थ निवडावाच लागतो. आणि ज्या खटल्यात बादशहाविरुद्ध युद्धाची भाषा शोधली जात आहे, त्या खटल्याच्या कागदांत कोणता अर्थ निवडण्याकडे कल होईल हे सांगावयास नको. यात भाषांतरकाराची लबाडी गृहीत धरण्याचे कारण नाही. ‘रुद्रसेन’ वाचणाऱ्यांचीही लबाडी नव्हती.

दुसरा खटला अमेरिकेतील ज्यूलियस व एथेल रोझेनबर्ग यांचा. अणुबाँबची गुपिते रशियास दिल्याच्या कटात मार्च १९५१ मध्ये ते दोषी ठरले. शिक्षा देताना न्यायाधीश कॉफमन यांनी कोरियातील युद्धाची व तेथील प्राणहानीची जबाबदारीही त्यांच्या कृत्यावर टाकली. १९ जून १९५३ रोजी दोघांना देहान्त शासन झाले. एथेलविरुद्ध मुख्य साक्ष अशी होती, की भावाने आणलेली टिपणे तिने टंकलिखित केली. तो भाऊ, डेव्हिड ग्रीनग्लास, याने २००१ साली सांगितले, की हे टंकलेखन आपल्याला आठवत नव्हते आणि पत्नीला वाचविण्यासाठी आपण तशी साक्ष दिली.

याहून उद्बोधक असा पुरावा न्यायालयापुढे कधी आलाच नाही. रशियन हेरखात्याच्या तारा उलगडण्याचे ‘व्हेनोना’ हे काम अमेरिकेत गुप्तपणे चालू होते. त्या तारा १९९५ साली खुल्या झाल्या. त्यांवरून ज्यूलियसचा हेरगिरीशी असलेला संबंध बहुतेक अभ्यासकांना मान्य झाला. नोव्हेंबर १९४४ च्या एका तारेत मात्र त्याच्या पत्नीविषयी असा मजकूर आहे, की पतीच्या कामाची तिला माहिती आहे, परंतु नाजूक प्रकृतीमुळे ती काम करीत नाही. आता येथे ‘काम’ म्हणजे हेरगिरी, की नोकरीधंदा? पहिला अर्थ घेतला तर ती निर्दोष सुटते. दुसरा घेतला तर प्रश्न उघडाच राहतो. एकाच वाक्यात हा शब्द पतीच्या बाबतीत निश्चितपणे गुप्त कार्याला लागला आहे, म्हणून पत्नीच्या बाबतीतही तोच अर्थ घेणे वाक्यार्थाच्या दृष्टीने अधिक सरळ आहे. मराठीतही पक्षाच्या माणसाने ‘मी काम करतो’ म्हटले, की ते गिरणीतले काम की पक्षाचे, हे ऐकणाऱ्याला संदर्भानेच ठरवावे लागते. एका क्रियापदाच्या अर्थावर एका स्त्रीच्या अपराधाचे मोजमाप अवलंबून आहे, आणि तो अर्थ कोणत्याही न्यायालयात चर्चिला गेला नाही.

७

पुन्हा डांगे-पत्रांकडे वळताना आणखी एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. पाठाचा प्रश्न आणि अर्थाचा प्रश्न हे दोन निराळे प्रश्न आहेत. सावरकरांच्या अंदमानातील अर्जांविषयी महाराष्ट्रात जो वाद चालतो तो अर्थाचा आहे: १९११ आणि १९१३ सालचे अर्ज त्यांनी केले याविषयी दुमत नाही, ते कोणत्या हेतूने केले याविषयी आहे. डांग्यांच्या बाबतीत वाद पाठाचा आहे: पत्र त्यांचे आहे की नाही. मात्र पाठाचा प्रश्न सुटल्याखेरीज अर्थाचा प्रश्न उपस्थित होऊ शकत नाही, हा क्रम १९६४ साली पाळला गेला नाही. एका पक्षाने आशयाचा संताप पाठाच्या सिद्धतेसाठी वापरला, दुसऱ्याने व्यक्तीविषयीचा आदर पाठाच्या खंडनासाठी वापरला.

आणि पाठ सिद्ध झाला असे क्षणभर मानले तरी अर्थाचा प्रश्न आपोआप सुटत नाही. कैद्याचा अर्ज हा लेखनाचा एक स्वतंत्र प्रकार आहे. त्याची भाषा कैद्याची नसते, अर्ज ज्याच्याकडे जावयाचा त्याची असते. नम्रतेची सूत्रे, उपकाराची कबुली, पुढील वर्तनाची हमी ही त्या प्रकाराची ठरीव अंगे होत. त्यांतून मनोभूमिका काढण्यापूर्वी त्या काळच्या इतर अर्जांशी तुलना करून ठरीव भाग कोणता आणि व्यक्तिगत भाग कोणता हे वेगळे करावे लागते. केवळ सुटकेची याचना ठरीव भागात जमा होईल. सहकाऱ्यांविरुद्ध उपयोगी पडण्याची तयारी ठरीव भागात जमा होणार नाही, आणि तिचे उत्तर द्यावेच लागेल. उलट, डांगे १९२७ पर्यंत कैदेतच राहिले आणि १९२९ साली पुन्हा पकडले गेले, म्हणून असा अर्ज त्यांनी केलाच नसेल, हेही अनुमान दुबळे आहे. सरकारने अर्ज स्वीकारला नाही एवढेच त्यावरून फार तर निघेल. अर्ज झाला नाही असे निघत नाही.

मग पाठाचा निर्णय कशाने व्हावा? सहीच्या अक्षरांनी नव्हे. कागद, शाई आणि हस्ताक्षर यांची तज्ज्ञ तपासणी, पत्रावरील आवक-जावक क्रमांक, त्यावर अधिकाऱ्यांनी मारलेले शेरे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या फायलीबाहेरच्या, वेगळ्या कचेरीत राहिलेल्या एखाद्या कागदात त्या पत्राचा आलेला उल्लेख, ही खरी प्रमाणे होत. एका फायलीत कागद घुसविता येतो. प्रांतिक सरकार, तुरुंग खाते आणि मध्यवर्ती गृहखाते यांच्या परस्परांशी जुळणाऱ्या नोंदी एकाच वेळी घुसविणे दुरापास्त असते. अजिंठ्याच्या लेखाला वाशीमचा ताम्रपट मिळाला, त्याप्रमाणे या पत्राला स्वतंत्र उगमाचा सोबती दाखविता येतो की नाही, यावर निर्णय टेकला पाहिजे.

हे काम राजकीय पक्षाचे नव्हे. पक्षाला निर्णय तातडीने हवा असतो, आणि १९६४ च्या वसंतात दोन्ही गटांना तो त्याच सप्ताहात हवा होता. त्याच डिसेंबरच्या अखेरीस नव्या पक्षाचे पुढारी पुन्हा मोठ्या संख्येने तुरुंगात गेले; म्हणजे ज्यांनी एका जुन्या कागदावरून अध्यक्षाला सरकारचा हस्तक म्हटले होते, त्यांनाच सरकारने परकीय सत्तेला अनुकूल म्हणून कोंडले. संशयाच्या व्याकरणात कर्ता आणि कर्म यांच्या जागा किती सहज बदलतात याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

भाषाभ्यासकाचे काम या व्याकरणात आणखी एक वाक्य जोडण्याचे नाही. एखादे चिन्ह किती सांगते आणि कोठे थांबते, एवढे सांगणे हे त्याचे काम होय. ‘त’ आणि ‘द’ यांमधील भेद मराठीत खरा आहे, अर्थभेदक आहे, आणि तरीही या पत्राविषयी तो काहीही सांगत नाही. हा निष्कर्ष कोणत्याच पक्षाला समाधान देणारा नाही. परंतु ज्या अक्षराने काहीच सिद्ध होत नाही, त्या अक्षरावरून एका माणसाला निर्दोष वा विश्वासघातकी ठरविण्याची मुभा अभ्यासाने कोणालाही देऊ नये.